क्षमा करायची म्हणजे नेमके काय सोडायचे?

मराठी पवित्र शास्त्रात मत्तयाच्या 6व्या अध्यायात प्रभूची प्रार्थना आहे. तिच्या मुख्य वाक्यात ‘क्षमा’ हा शब्द येत नाही. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असे आपण म्हणतो. ऋण, ऋणी, सोडणे. तिन्ही शब्द देवघेवीतले, आणि क्षमा समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात केलेली बरी. कारण ज्यांना वर्षानुवर्षे क्षमा करणे जमत नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी क्षमा म्हणजे एक भावना असे धरलेले असते. मन निवले, त्या माणसाविषयी बरे वाटू लागले, की क्षमा झाली. तसे काही वाटत नाही, मग आपला विश्वासच कच्चा असला पाहिजे असे त्यांना वाटू लागते.

मूळ ग्रीक मजकुरात इथे ‘आफिएमी’ हे क्रियापद आहे. पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथे हेच क्रियापद. पेत्राच्या सासूचा ताप निघाला, तिथेही हेच. धरलेली गोष्ट सोडणे, जाऊ देणे, हा त्याचा साधा अर्थ. आणि देवघेवीत येणे सोडून देणे. म्हणजे क्षमा ही कृती आहे. माझे तुझ्याकडे काही निघते, आणि ते मी तुझ्याकडून वसूल करणार नाही. ही कृती धुमसत्या मनानेही करता येते. क्षमेवर आयुष्यभर काम केलेले ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्थिंग्टन हाच फरक करतात: एक निर्णयाची क्षमा, दुसरी भावनेची. पहिली एका संध्याकाळी होऊ शकते. दुसरीला महिने लागतात, कधी वर्षे, आणि ती पहिलीच्या आधी येईल म्हणून वाट पाहत बसले की दोन्ही अडकतात.

दृष्टांतातले आकडे

मत्तयाच्या 18व्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? सात हा आकडा त्याने हात राखून सांगितलेला नाही, चांगला सढळ आहे. येशू त्याला ‘साताच्या सत्तर वेळा’ सांगतो. ग्रीक शब्दांचा अर्थ 490 असाही होतो आणि 77 असाही. पण मोजणी करत बसण्यापेक्षा उत्पत्तीचा 4था अध्याय उघडावा. तिथे काइनाचा वंशज लामेख बढाई मारतो की आपला सूड सत्त्याहत्तर पट असेल. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या ठिकाणी नेमके हेच शब्द आहेत. लामेखाने सुडाला जितकी मोकळीक दिली, तितकी येशू क्षमेला देतो.

मग तो दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो. पहिला दास राजाला 10,000 तालांत देणे लागतो. तालांत हे त्या काळचे चलनातले सर्वांत मोठे माप, आणि दहा हजार ही ग्रीक भाषेत स्वतंत्र शब्द असलेली सर्वांत मोठी संख्या. एका तालांताचे साधारण 6,000 दीनार होत, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे सहा कोटी दीनारांचे. वर्षाला 300 दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांची मजुरी. राजा हे सगळे सोडतो. बाहेर पडताच त्या दासाला दुसरा दास भेटतो. त्याच्याकडे याचे 100 दीनार निघत असतात, आणि हा त्याचा गळा धरतो.

या 100 दीनारांबद्दल उपदेशांत एक चूक वारंवार होते. ती रक्कम ‘किरकोळ’ म्हणून सांगितली जाते. 100 दीनार म्हणजे 100 दिवसांची कमाई, आठवड्याला सहा दिवस काम धरले तर जवळपास चार महिने घरात पैसा न येणे. ज्याचे गेले त्याला ते किरकोळ नसते, आणि येशूनेही ते तसे म्हटलेले नाही. दुसऱ्याने केलेले नुकसान खरे आहे, मोजता येण्याजोगे आहे, आणि तरीही आपल्याला माफ झालेल्या रकमेच्या ते सहा लाखांश भागाइतकेच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरायला शिकणे, हेच या दृष्टांतातले अवघड काम. दुखावलेल्या माणसाला नुसती दुसरीच ऐकवली जाते, आणि त्याला वाटते, माझ्या दुःखाला इथे काही किंमतच नाही.

आणखी एक बारकावा. पहिल्या दासाने राजाकडे माफी मागितलीच नव्हती. मला सांभाळून घ्या, सगळे फेडतो, असे म्हणत त्याने मुदत मागितली होती. दोन लाख वर्षांचे कर्ज हप्त्यांनी फेडण्याची त्याची तयारी होती! आमच्या वाचनाप्रमाणे बिघाड इथेच आहे. त्याला माफी मिळाली, पण मनातून तो अजून फेडणाराच राहिला, आणि ज्याला सतत फेडायचे असते तो वसुलीलाही निघतो. जे स्वतःच्या चुकांबद्दल देवासमोर वर्षानुवर्षे हप्ते भरत असतात, त्यांना दुसऱ्याचे सोडवत नाही. ‘तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही’ हे प्रार्थनेनंतरचे वचनही असेच समजून घ्यावे लागते. क्षमा करून आपण देवाची क्षमा विकत घेत नाही. पण मूठ आवळलेली असेल तर त्याच मुठीत काही घेताही येत नाही.

हिशोब आधी, सोडणे नंतर

किती येणे आहे हे न पाहता ‘जाऊ दे, केली क्षमा’ म्हटले की तीन महिन्यांनी कुठल्याशा लग्नात तो माणूस दिसतो आणि पोटात पुन्हा तोच गोळा येतो. कारण सोडले काय तेच ठरलेले नसते. म्हणून आधी कागदावर मांडा. कलस्सैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्याविरुद्धचे ऋणपत्र देवाने खोडून वधस्तंभाला खिळले. तिथला ग्रीक शब्द ‘खेइरोग्राफोन’ आहे, कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कर्जरोखा. खोडायला आधी लिहिलेला रोखा लागतो.

एक उदाहरण घेऊ. वडील चार वर्षे अंथरुणाला खिळून होते. थोरल्या बहिणीने सगळे केले. धाकटा भाऊ एकदाही राहायला आला नाही. वडील गेल्यावर घराच्या वाटणीला मात्र आला, आणि चार नातेवाइकांत म्हणाला, ‘ताईनं तरी काय केलं? पेन्शन तिच्याच हातात होती ना.’

बहिणीने एका कागदाचे चार भाग करावे. पहिल्यात घडले तेवढेच, साक्षीला उभे राहून सांगता येईल असे. ‘तो स्वार्थी आहे’ हे इथे बसत नाही. ‘चार वर्षांत तो एकही रात्र राहिला नाही’ हे बसते. दुसऱ्यात तिचे काय गेले ते: नोकरीतली बढती, पाठीचे दुखणे, मुलीच्या दहावीचे वर्ष, आणि नातेवाइकांतले नाव. तिसऱ्या भागात त्यातले भावाच्या नावावर किती पडते ते. वडिलांचे आजारपण त्याने आणले नव्हते. एकटीने सगळे अंगावर घेताना तिने दोनदा त्याची मदत नाकारलीही असेल. हे प्रामाणिकपणे वजा करावे. भावाचे देणे कमी दाखवण्यासाठी हे नाही; सोडायची रक्कम खरी असावी म्हणून आहे.

चौथा भाग लिहायला सर्वांत जड जातो. मी हे येणे कसे वसूल करते आहे? त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला फोन करत नाही. आत्याजवळ दर भेटीत त्याचा विषय काढते. त्याचा धंदा बसला हे कळले तेव्हा आतून बरे वाटले. त्याने त्याच नातेवाइकांसमोर माझ्या पाया पडावे असे चित्र मी झोपताना रंगवते. बहुतेकांना या भागात पहिल्या बैठकीत काहीच सुचत नाही. कागद एक-दोन दिवस झाकून ठेवावा आणि पुन्हा बसावे. एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नको, नाहीतर हिशोब राहतो बाजूला आणि जखम उकरणे सुरू होते.

मग देवासमोर, मोठ्याने, एकेका ओळीचे नाव घेऊन सोडायचे. ‘प्रभू, बाबांच्या आजारपणात तो आला नाही. त्या चार वर्षांचे त्याच्याकडे माझे जे निघते ते मी सोडते.’ जी ओळ म्हणवत नाही ती म्हणू नये. तिच्यापुढे खूण करून ठेवावी. पाचांपैकी तीन ओळी खरोखर सुटल्या तर ते पाचही तोंडदेखल्या सोडण्यापेक्षा चांगले. सोडलेल्या ओळी खोडाव्या, तारीख घालावी, आणि सगळ्या खोडल्या गेल्या की कागद फाडून टाकावा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवू नये. आणि तो कागद भावाला तर मुळीच दाखवू नये.

यातून काय सुटले? चौथा भाग. टोमणे, अबोला, त्याचे वाईट चिंतणे. घरातला तिचा कायदेशीर हिस्सा मात्र यात सुटलेला नाही. तो घ्यायचा की सोडायचा हा वेगळा निर्णय आहे आणि क्षमा करूनही ती तो मागू शकते. नातेवाइकांसमोरचे खोटे दुरुस्त कर, असेही ती भावाला शांतपणे सांगू शकते. ‘तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव’ हे लूकच्या 17व्या अध्यायात येशूचेच सांगणे आहे, आणि ते क्षमेच्या आज्ञेच्या आधी येते.

क्षमेच्या नावाखाली जे मागू नये

इथे ठामपणे सांगायला हवे, कारण ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये या बाबतीत माणसांचे खूप नुकसान झालेले आहे. नवरा मारतो, आणि बायकोला सांगितले जाते, ‘सत्तर वेळा क्षमा कर, घरी जा.’ मुलावर अत्याचार झाला, आणि आईवडिलांना सांगितले जाते, ‘पोलिसांत गेलात तर क्षमा कसली?’ हे शास्त्राला धरून नाही. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो, सूड घेऊ नका, ते देवाकडे सोपवा. आणि लगेच पुढच्या अध्यायात म्हणतो की वाईट करणाऱ्याला शिक्षा करणारा अधिकारी हा देवाचा सेवक आहे. सूड आपल्या हातून काढून पौल तो ज्यांच्याकडे सोपवतो, त्यांत न्यायव्यवस्था आहे. तक्रार करणे म्हणजे सूड नव्हे. मारहाण होत असेल तिथे आधी सुरक्षित जागी जायचे. क्षमेचे काम दार लावून घेतल्यावर, आपल्या गतीने.

13 मे 1981 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर व्हॅटिकनमध्ये मेहमेत अली आजा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून त्यांनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले, आणि 27 डिसेंबर 1983 रोजी तुरुंगात जाऊन त्याला भेटले. दोघे कोठडीत जवळजवळ बसून बोलत होते. भेट संपली तेव्हा पोप बाहेर आले आणि आजा आतच राहिला. इटलीने त्याला माफी दिली ती 2000 साली, त्यानंतरही जुन्या गुन्ह्यांसाठी तो तुर्कस्तानच्या तुरुंगात होता. क्षमा झालेली होती, शिक्षाही चालू होती, आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

दुसरी मागणी विसरण्याची. ‘त्यांची पापे मी यापुढे स्मरणार नाही’ असे देव यिर्मयाच्या 31व्या अध्यायात म्हणतो, म्हणून आपणही विसरावे, असे सांगितले जाते. पण शास्त्रात स्मरणे म्हणजे त्या आठवणीनुसार पाऊल उचलणे. उत्पत्तीच्या 8व्या अध्यायात देवाने नोहाची आठवण केली, तेव्हा त्याआधी तो नोहाला विसरला होता असे नाही. त्याने वारा वाहवला आणि पाणी ओसरू लागले. तसेच न स्मरणे म्हणजे त्या पापावरून यापुढे काही न करणे, ते पुन्हा तोंडावर न फेकणे. आठवण राहणारच. कधीकधी ती राहायलाच हवी.

आणखी एका वचनाची गफलत होते. वेदीशी अर्पण आणताना आठवण झाली तर आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातले. प्रभुभोजनाच्या आधी दुखावलेल्या माणसाला हे ऐकवतात. वचन नीट वाचा: ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ अशी आठवण झाली तर. म्हणजे उठून जायचे आहे ते ज्याने दुखावले त्याने.

समोरचा माफी मागत नसेल तर

लूक 17 मध्ये ‘त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर’ असे आहे. मार्क 11:25 मध्ये मात्र प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा असे आहे, आणि समोरच्याच्या पश्चात्तापाचा उल्लेखही नाही. यावर मंडळ्यांत आणि शिक्षकांत मतभेद आहेत. आम्हाला दोन्ही वचने मिळून एकच गोष्ट सांगताना दिसतात. मनातले येणे सोडणे हे देवासमोर एकट्याने होते आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. नाते पुन्हा जुळणे, म्हणजे समेट, त्याला मात्र दोघे लागतात, आणि त्यातल्या एकाचा पश्चात्ताप लागतो.

पश्चात्ताप ओळखायचा तर जक्कय पाहावा. लूकच्या 19व्या अध्यायात हा जकातदार म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत. तो काय केले ते सांगतो, आकडा सांगतो, आणि ‘पण’ म्हणत नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात केलेली गोष्टच नाही. ‘मी चुकलो, पण तूसुद्धा…’ यात ती सांगून लगेच परत घेतलेली आहे. आणि जो माफी मागून लगेच ‘मग आता सगळं पहिल्यासारखं ना?’ म्हणतो, त्याला अजून मुदत हवी आहे, सूट नको आहे. विश्वास ही त्याने मागायची गोष्ट नव्हे, मिळवायची आहे.

आणि ज्याला आपण काही चुकलो हे ठाऊकच नाही, त्याला जाऊन ‘मी तुला क्षमा केली’ असे सांगू नये. ते क्षमेच्या रूपातले आरोपपत्र होते.

राग परत येतो तेव्हा

येतोच. बहुतेकदा वास, गाणे, तारीख, एखादा आवाज यावरून. क्षमा खोटी होती असा त्याचा अर्थ नाही. रोखा खोडलेला आहे. शरीराला अजून बातमी पोचलेली नाही. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून हिशोब मांडू नये. तारीख आठवावी आणि एकच वाक्य म्हणावे: ‘हे मी सोडलेले आहे, आजही सोडते.’ साताच्या सत्तर वेळा हे नव्या सत्तर अपराधांना जितके लागू आहे, तितकेच एकाच अपराधाच्या सत्तर आठवणींनाही. नवीन अपराध झाला असेल तर मात्र नवीन कागद. जुन्यात तो मिसळू देऊ नये.

‘वैऱ्यांसाठी प्रार्थना करा’ हे इथे उपयोगी पडते. एकदम आशीर्वाद मागायला जाऊ नये. खोटे वाटते आणि दोन दिवसांत सुटते. पहिला आठवडाभर राग जसा आहे तसा देवापुढे ठेवावा. 55वे स्तोत्र त्यासाठीच आहे. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा जिवलग, असे तिथे भक्त आक्रोश करतो, आणि पुढे त्याच स्तोत्रात आपला भार परमेश्वरावर टाक हेही येते. मग रोज पाच मिनिटे त्या माणसाचे नाव घेऊन त्याच्या खऱ्या गरजेसाठी एक साधी विनंती: त्याची झोप, त्याची मुले, त्याची तब्येत. तेही जमत नसेल तर वधस्तंभावरचे शब्द हाताशी आहेत. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ असे येशू म्हणाला. मारणाऱ्यांना उद्देशून ‘मी क्षमा करतो’ असे तो तिथे म्हणाल्याचे लिहिलेले नाही. त्याने पित्याला सांगितले. ज्याला स्वतःचे वाक्य म्हणवत नाही, त्याने हे म्हणावे. दगडांखाली मरणाऱ्या स्तेफनानेही असेच देवाकडे मागितले होते.

योसेफाच्या गोष्टीत हे सगळे टप्पे एकत्र दिसतात. सतराव्या वर्षी भावांनी त्याला 20 रुप्याच्या नाण्यांना विकले. सुमारे 22 वर्षांनी दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी मिसरात त्याच्यापुढे आले. त्याने सूड घेतला नाही, पण ओळखही लगेच दिली नाही. शिमोनाला अडकवून ठेवले, बन्यामिनाला आणायला लावले, आणि बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून तशीच वेळ पुन्हा आणली: धाकट्याला परमुलखात टाकून तुम्ही घरी जाऊ शकता. तेव्हा यहूदा पुढे झाला आणि म्हणाला, त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. योसेफाला विकण्याची कल्पना याच यहूदाची होती. हे ऐकल्यावर योसेफाला आवरेना. त्याने सगळ्यांना बाहेर काढले आणि भावांना सांगितले, मी योसेफ.

नंतर त्यांचा बाप याकोब मिसरात 17 वर्षे जगला. तो वारला तेव्हा भाऊ पुन्हा घाबरले, आता हा आपला सूड घेईल म्हणून त्यांनी निरोप पाठवला. इतकी वर्षे ते त्याच्या अन्नावर जगले होते. योसेफ तो निरोप ऐकून रडला. मग भाऊ स्वतःच त्याच्यापुढे येऊन पाया पडले, आणि त्याने पूर्वी सांगितलेलेच पुन्हा सांगितले, भिऊ नका, मी तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना पोशीन.